डोमाजीचा पिपा आणि माझा अर्ज

ज्या अर्जावर तारीख नाही तो अर्ज नव्हे, ती कुरकुर. ज्यात विरुद्ध पक्षाचे पूर्ण नाव व राहण्याचे ठिकाण नाही ती चहाडी. आणि ज्याच्या शेवटी मागणी नाही तो नुसता उसासा. उसाशावर कोणत्याही कचेरीला शेरा मारता येत नाही. ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका तालुका कचेरीसमोर, चिंचेखाली टाकलेल्या टेबलामागे बसून मी हे आयुष्यभर सांगत आलो. मी परवानाधारक अर्जनवीस होतो. लोकांच्या तक्रारी कायद्याच्या भाषेत लिहून देणे हा माझा धंदा. मी रागीट आहे अशी माझी ख्याती होती आणि ती खरी आहे. अर्धवट तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी टेबलावरून उठवून घरी पाठवीत असे, आणि तो दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन परत येत असे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा माझ्या विजयांची एक यादी मी मनात केली होती. ती बाजूला ठेवतो. ज्या अर्जाने मी एका म्हाताऱ्या माणसाचे तळे जवळजवळ हिरावून घेतले होते, त्याविषयी लिहितो. तो अर्ज उत्तम होता. त्यात एकही चूक काढता आली नसती, हीच त्यातली मोठी चूक.

आधी धंद्याविषयी थोडे. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत निम्मे शेजाऱ्यांच्या भांडणाचे असत, आणि त्यांतले बरेच आवाजाचे. बांधाचे भांडण मोजणीने मिटते, पाण्याचे पाळीने मिटते. आवाज मात्र हातात धरता येत नाही. पक्षकार येई आणि म्हणे, "लय आवाज येते भाऊ, लिवा." मी विचारी, लय म्हणजे किती? त्यावर तो हात पसरून दाखवी. ध्वनिप्रदूषणाचे नियम मला तोंडपाठ आहेत. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. पण खेड्यात डेसिबल मोजणार कोण? म्हणून मी माझी रीत बसवली होती. आवाज किती मोठा आहे हे लिहायचे नाही. त्यामुळे कोणते काम थांबते ते लिहायचे. एका पिठाच्या चक्कीविरुद्धच्या अर्जात मी एवढेच लिहिले होते की, चक्की चालू असताना भिंतीपलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीला शेजारी बसलेल्या आईची हाक ऐकू जात नाही. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचले. चक्कीवाल्याने यंत्र दुसऱ्या भिंतीला नेले.

विचित्र गिऱ्हाइकेही कमी नव्हती. एका गृहस्थाला शेजाऱ्याचा कोंबडा तडीपार करून हवा होता. त्याने स्वतः लिहून आणलेल्या मसुद्यात कोंबडा प्रतिवादी क्रमांक दोन होता. कोंबड्यावर नोटीस बजावता येत नाही, हे समजावण्यात माझी एक सकाळ गेली. आठवड्याने कोंबड्याचा मालक आला. त्याला त्या गृहस्थाच्या कुकरच्या शिट्टीविरुद्ध अर्ज हवा होता. दोघांनाही मी एकाच बाकावर बसवले आणि माझ्या आवाजाविरुद्ध अर्ज करावा असे वाटेपर्यंत झापले. ते एकत्र चहा प्यायला गेले.

म्हणूनच मधुकरराव माझ्यासमोर येऊन बसले त्या दिवशी मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. असा पक्षकार दहा वर्षांत एखादाच मिळतो. भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आपल्या मूळ गावी, एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या, तलावाच्या काठी, घर बांधून राहिले होते. इस्त्रीचा सदरा, मनगटावर घड्याळ, हातात वही. वहीत दोन महिन्यांच्या नोंदी होत्या. अमुक तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, पिपा वाजवला, अकरा ठोके. सात चाळीस, नऊ ठोके. आठ पाच, चौदा ठोके. शेजारीण सिंधूबाई, ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबातली, रोज सकाळी घरामागे टांगलेला तेलाचा रिकामा पिपा काठीने बडवते, अशी तक्रार होती. मधुकररावांच्या पत्नीला, शांताबाईंना, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. पहिल्या ठोक्याला त्या अंथरुणात दचकत आणि मग तासभर त्यांचा उजवा हात थरथरत राही.

"सांगून पायलं," मधुकरराव म्हणाले. "बाई हो म्हणते आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मले भांडण नाई पायजे भाऊ. मले फक्त सकाळ पायजे."

मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. (तेच कलम आता नव्या संहितेत १५२ झाले आहे. आयुष्यभर पाठ केलेले आकडे म्हातारपणी बदलणाऱ्यांविषयी मला जे वाटते ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.) नोंदींचा तक्ता जोडला. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. आणि तिसऱ्या परिच्छेदात लिहिले: "सदर गैरअर्जदार ही विनाकारण व हेतुपुरस्सर, अर्जदारास त्रास देण्याच्या उद्देशाने, पत्र्याचा पिपा बडवीत असते."

"विनाकारण" हा शब्द मधुकररावांच्या तोंडून निघाला नव्हता. त्यांच्या वहीतही नव्हता. तो माझा होता. अशा प्रत्येक अर्जात मी तो घालीत असे. जेवणात मीठ घालावे तसा, न चाखता.

अर्जावर चौकशीचा शेरा पडला आणि कागद खाली सरकत सरकत गावात पोचला. गावच्या पोलीस पाटलाने चौकशी केली ती अशी: तो सिंधूबाईच्या घरी गेला, निकाल लागेपर्यंत वाजवायचे नाही असे तिला बजावले, आणि पिपा काठीसकट उचलून आपल्या घरी नेला. हा अधिकार त्याला कोणी दिला होता? कोणीही नाही. कोणताही आदेश निघालेला नव्हता. पण कचेरीचा कागद म्हटला की खेड्यात त्याचे वजन त्यात लिहिलेल्या शब्दांपेक्षा जास्त असते, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्याच वजनावर मी पोट भरत होतो.

दहा-बारा दिवसांनी एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. चाळिशीची, नऊवारीचा काष्टा, पायांना तळ्याचा चिखल वाळलेला. तिने पदराच्या गाठीतून माझ्याच अर्जाची प्रत काढून माझ्यापुढे उलगडली.

"हे तुमीच लिवलं ना, भाऊ?"

मी होय म्हणालो.

"अक्षर वयखू आलं. आमच्या गावात जो कोनी अर्ज आनते, त्याच्यावर हेच अक्षर असते. तं आता माह्याकडून बी तुमीच लिवा."

मी तिला सांगितले की, एका पक्षाचा अर्ज मी लिहिला असेल तर त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षासाठी मी लिहीत नाही. हा माझा नियम आहे. शेजारच्या टेबलावर जावे.

"नियम ठीक हाय," ती म्हणाली. "पन पिपा काऊन वाजवते, थे तुमी इचारलं का? मधुकरभाऊनं नाई इचारलं, पाटलानं नाई इचारलं. लिवणाऱ्यानं तरी इचाराले पायजे होतं. कागदात तं लिवलं हाय, का काईच कारन नाई."

मी तिला बसायला सांगितले. मग तिने जे सांगितले ते असे.

तिचा सासरा डोमाजी. वय सत्तरीपुढचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले; उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढेच कळते. शस्त्रक्रियेने फरक पडणार नाही असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेले. नवरा मजुरीसाठी बाहेर. डोमाजी लहानपणापासून त्या तळ्यावर जाळे टाकीत आला होता आणि दृष्टी गेल्यावरही त्याने पाणी सोडले नव्हते. पहाटे तो काठाकाठाने हाताने चाचपत डोंग्यापर्यंत, म्हणजे आपल्या लहान होडीपर्यंत, जाई, तळ्यात शिरे, आणि जाळे हाताच्या अंदाजाने टाकून काढी. जाताना अडचण नव्हती, अडचण परतताना. म्हणून उजाडल्यावर सिंधूबाई चुलीवरचे काम करता करता मधूनमधून पिप्यावर ठोके देई. त्या आवाजाच्या दिशेने म्हातारा घरी येई. ठोके कमी-जास्त असत, कारण तो किती जवळ आला हे पाहून ती वाजवी.

पिपा गेल्यानंतर तिने त्याला चार दिवस घरी बसवले. पाचव्या दिवशी ती पाण्याला गेली असताना तो निघून गेला. पौषातले धुके होते. परतताना तो तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, शिंगाड्याच्या वेलीत शिरला. डोंगा अडकला. त्याने हाका मारल्या; धुक्यात हाक कुठून येते ते कोणाला कळेना. दुपारी सापडला तेव्हा तो डोंग्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, आणि त्याला धाप लागली होती.

"जीव वाचला," सिंधूबाई म्हणाली. "पन आता वस्तीतले लोक त्याले पान्यावर जाऊ देत नाईत. डोंगा काठावर आनून पालथा घातला. रोज सकाळी थो डोंग्याजवळ जाऊन बसते अन् पाठीवरून हात फिरवते, बैलाच्या फिरवावा तसा. जेवत नाई बराबर. भाऊ, मले मामाजीचा डोंगा सरळ करून पायजे. बाकी काई नाई."

माझा राग लोकांनी पुष्कळदा पाहिला होता. त्या दिवशी तो कोणावर काढावा हे मला कळेना. पाटलावर काढता आला असता, आणि पुढे मी काढलाही. त्याच्या अधिकारक्षेत्राविषयी सविस्तर पत्र मी यथास्थान पाठवले. पण तिसरा परिच्छेद त्याने लिहिला नव्हता.

सिंधूबाईला मी एवढेच म्हणालो की, लिहिण्याआधी मी गावाला येतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने फाट्यापर्यंत आणि तिथून जीपने मी गाव गाठले. आदल्या दिवशीच मधुकररावांना निरोप धाडला होता. ते काठावर स्वेटर घालून उभे होते आणि त्यांनी मला वेळेवर आल्याबद्दल शाबासकी दिली. धुके असे होते की दहा हातांवरचे झाड दिसत नव्हते. वस्तीतली चार माणसे नाखुशीने जमली. मी त्यांना म्हटले की, ही स्थळपाहणी आहे, अर्ज मी लिहिला आहे आणि त्यातला मजकूर खरा की खोटा ते मला पाहायचे आहे. पाटलाकडून पिपा आणवला. डोंगा सरळ करून पाण्यात ढकलायला लावला. त्यात डोमाजी बसला आणि त्याच्यापुढे मी. मला पोहता येत नाही, ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही.

डोमाजी हाडकुळा, उघड्या अंगावर कांबळे घेतलेला, मान किंचित तिरपी ठेवून बसणारा माणूस. वीस-पंचवीस वेळा वल्हे मारल्यावर काठ आणि पारी, म्हणजे तळ्याचा बांध, दोन्ही नाहीसे झाले. चोहीकडे पांढरे. मी मान वळवून पाहिले आणि आपण कुठून आलो तेच मला सांगता येईना. मला दोन्ही डोळे होते, चष्मा होता, आणि मी हरवलो होतो.

मग टणटण ऐकू आले. दूरचे, कोरडे, पत्र्याचे.

"कुठी हाय, सांगा," डोमाजी म्हणाला.

मी हात करून दाखवला. मी हात केला हे त्याला दिसत नाही, हे लक्षात यायला मला एक क्षण लागला. मग मी म्हणालो, डावीकडे.

"डावीकडं नाई. थो पारीवर आपटून येनारा आवाज हाय. एकाच कानात येते थो खोटा. दोनी कानांत बराबर येईपर्यंत डोंगा फिरवाचा." त्याने डोंगा उजवीकडे वळवला, थांबला, पुढच्या ठोक्याची वाट पाहिली, आणखी किंचित वळवला. "आता बराबर. आता समोर घर हाय."

समोर घर होते. डोंग्याचे टोक त्यांच्या घरामागच्या दगडाला लागले तेव्हा सिंधूबाईच्या हातातली काठी अजून वरच होती.

मी उतरलो आणि मधुकररावांना म्हणालो की, आता आपण बसा. ते नको म्हणाले. मी म्हणालो की, अर्जदार स्थळपाहणीस नकार देतो अशी नोंद करावी लागेल. ही धमकी निराधार होती. तसा कोणताही नियम नाही. पण नोंदीला घाबरणारा माणूस होता तो. ते डोंग्यात बसले. धुक्यातून ते परत आले तेव्हा त्यांचे घड्याळाचे मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरलेले होते. ते काठावर उतरले. मग सिंधूबाईला म्हणाले, "मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी म्हनलं, वाजवू नको. काऊन वाजवते म्हनलं असतं तं सांगितलं असतं," ती म्हणाली.

आम्ही मधुकररावांच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, शांताबाईंकडे गेलो. त्यांचा त्रासही खरा होता. तो खोटा ठरवायला मी आलो नव्हतो. मी सगळी हकीकत त्यांच्यापुढे ठेवली. झटक्यामुळे त्यांचे शब्द जड निघत आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत.

"कारखान्याच्या वसाहतीत भोंगा वाजे," त्या म्हणाल्या. "याच्याहून मोठा. मी कधी दचकली नाई. थो कोनासाठी वाजते, मले ठाऊक राहे."

मला वाटले प्रश्न सुटला. तो तितका सुटला नव्हता. कारण कळूनही त्यांचा हात पहिल्या ठोक्याला थरथरलाच. शरीराला तडजोडनामा वाचता येत नाही. शेवटी पिपा मधुकररावांच्या घरापासून लांब, तळ्याच्या पारीवर, तुडुमाजवळ टांगायचे ठरले. तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याची मोरी. डोमाजीने डोंगा घराऐवजी तिथे लावायचा. पण चूल सोडून तिथे जाऊन वाजवणार कोण? सिंधूबाईला ते शक्य नव्हते. मग मधुकरराव म्हणाले की, त्यांना पाचला जाग येतेच.

उरली वस्तीची बंदी. ती कोणत्याही कलमाखाली बसत नव्हती. वस्तीतल्या मच्छीमार मंडळाला मी त्याच छपरीत बसून पत्र लिहिले. माझ्या हयातीत एकही कलम नसलेले ते बहुधा माझे पहिले पत्र असावे. मी लिहिले की, डोमाजी तळ्यात हरवला तो त्याच्या डोळ्यांमुळे नव्हे, माझ्या अर्जामुळे. अर्जातील तिसरा परिच्छेद मी चौकशी न करता लिहिला होता. आवाज पुन्हा सुरू होत आहे, तरी त्याचा डोंगा त्याच्या ताब्यात द्यावा. मंडळाच्या म्हाताऱ्या प्रमुखाने ते दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि विचारले, हे खरेच अर्जनवीसाने स्वतःविरुद्ध लिहिले आहे काय? मी सही दाखवली. तो हसला. शिंगाड्याच्या वेलीपुढे जायचे नाही, या अटीवर डोंगा पाण्यात राहिला. उपविभागीय कार्यालयातला अर्ज मी मधुकररावांच्या सहीने मागे घेतला.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आवाजाचा एकही अर्ज तो आवाज स्वतः ऐकल्याशिवाय लिहिला नाही. त्यामुळे माझे काम कमी झाले आणि पायी चालणे वाढले. बरेच आवाज ऐकायला गेल्यावर अर्जाची गरजच राहत नसे. दोन्ही घरे मला चहा पाजण्यात गुंतत. काही ठिकाणी मात्र मी परत येऊन पूर्वीपेक्षा जास्त तिखट लिहिले. लग्नाच्या वरातीचा डीजे कशासाठी वाजतो हे मी नीट विचारले आहे. उत्तर मिळाले नाही.

तळ्याची बातमी मला बाजाराच्या दिवशी मिळत असे. मधुकरराव रोज पारीवर जात. डोमाजीची त्यांच्याविषयी तक्रार होती, ती त्याने सिंधूबाईमार्फत माझ्यापर्यंत पोचवली: हा माणूस घडी पाहून वाजवतो, मासोळी घडी पाहून जाळ्यात येत नाही. मधुकररावांची तक्रार अशी की, म्हातारा कधीच वेळेवर निघत नाही. मी दोघांनाही लेखी द्या म्हटले. कोणी दिले नाही.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या आधी, धान कापणीच्या दिवसांत, मधुकरराव डोमाजीचा हात धरून माझ्या टेबलाशी आले. पहिल्यापेक्षा म्हातारा बराच वाळला होता. बाकावर बसताना त्याने आधी बाकाची कड हाताने मोजून घेतली. मंडळाच्या यादीतून आपले नाव कमी करावे, असा अर्ज त्याला हवा होता.

मी विचारले, कारण काय लिहू?

"दृष्टिदोषामुळं, असं लिवा," मधुकरराव म्हणाले. "डॉक्टरची चिठ्ठी हाय."

"तसं नोका लिवू," डोमाजी म्हणाला. तो मधुकररावांकडे वळला नाही. माझा आवाज आला होता त्या दिशेलाच तोंड ठेवून बोलला. "डोये तं कधीचेच गेले. त्याच्यानं पानी सुटलं नाई. आता हातात जोर नाई, जाळं वर येत नाई, अन् मले बी वाटते का बस झालं. लिवा, का डोमाजीनं पानी आपल्या मर्जीनं सोडलं. कोनी सोडवलं नाई."

मी तेवढेच लिहिले. त्याला वाचून दाखवले. त्याने पुन्हा एकदा वाचायला सांगितले, आणि ऐकताना मान तशीच किंचित तिरपी ठेवली. साक्षीदार म्हणून मधुकररावांनी सही केली. सहीखाली तारीख घातली आणि वेळही घातली. मग डोमाजीने शाई लावलेला अंगठा पुढे केला, दुसऱ्या हाताने कागदाची कड चाचपली आणि विचारले, "कुठी?"

मी त्याचे मनगट धरून अंगठा त्याच्या नावाखाली टेकवला.